कुरकुरती फळी

"खाली ऐकू गेलं का?"

जिन्याच्या वरच्या पायरीवरून मान वाकवून आमचे वरचे काका हे विचारायचे. वाटी पडली की विचारायचे, शिंक आली तरी विचारायचे. एकदा मी म्हटलं, "काका, शिंक नाही ऐकू आली, पण तुमचा प्रश्न ऐकू आला!" बिचारे दिवसभर खाली डोकावले नाहीत.

तुमच्याही डोक्यावर कोणीतरी राहत असेलच. खुर्च्या ओढणारं, नाहीतर मसाला कुटणारं. आमचं सगळं उलटं. कल्याणच्या आमच्या जुन्या दुमजली चाळीत वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची. त्यांची जमीन तेच आमचं छत. आणि त्यावर राहायचा हा एकटा माणूस, ज्याने टेबलखुर्चीच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे मोजे चढवले होते आणि जो खलबत्त्याखाली गोधडीची चौपदरी घडी घालायचा. नोकरी सगळी डोंबिवलीच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर. "माझा आवाजाचा कोटा तिकडेच संपला रे," म्हणायचे.

पण फळ्यांना कोण सांगणार? काका कितीही मांजराच्या पावलांनी चालले तरी त्या कुरकुरायच्या. सकाळी ते पलंगावरून उतरले की तिथली फळी कर्रर्र करायची. ती ऐकून आई आधणात कपभर पाणी वाढवायची आणि जळमटांच्या झाडूचा दांडा छताला दोनदा ठोकायची. इतरांकडे असं ठोकलं की भांडण सुरू होतं. आमच्याकडे त्याचा अर्थ, चहा झालाय, या. काकू गेल्यापासून ही पद्धतच पडली होती.

मग आमच्या मुलीची दहावी आली, आणि आपल्या फळ्यांपायी पोरीचे मार्क जाणार असं काकांच्या मनाने घेतलं. पोरगी कानात गाणी कोंबून अभ्यास करते, हे सांगून आम्ही दमलो. तरी एका रविवारी मला वर बोलावणं आलंच. आम्ही फटींत टाल्कम पावडर भरली, कडांना मेणबत्ती घासली, फळ्या खालच्या तुळयांवर स्क्रूने आवळल्या. एक स्क्रू मी तुळई चुकवून असा पिळला, की त्याचं टोक आमच्याच स्वयंपाकघरात उतरलं आणि मागोमाग भुसा आमटीत.

"अहो, फोडणी घालून झालीय माझी!" खालून बायको ओरडली. "तुम्ही वरून काय घालताय?"

त्या टोकाला तिने पुढे लसणाची जुडी टांगली. माझ्या सुतारकामाचा एवढाच काय तो उपयोग.

संध्याकाळी काका खोलीभर चालून खाली आले. "ऐकू गेलं का?"

"नाही हो," आई म्हणाली. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आई मात्र छताकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती अंदाजाने ठोकू लागली. कधी काका झोपेतून दचकून उठायचे, कधी अंघोळीत असायचे. चहा गार व्हायचा. आणि एक दिवस ठोकूनही ते आलेच नाहीत. "गेले असतील बँकेत," मी पेपरातून मान वर न करता म्हटलं. दुपारी आईने मला वर पिटाळलं. दार नुसतं लोटलेलं. काका पलंगाला टेकून जमिनीवर बसलेले, अंगात सणसणून ताप, उठायचं त्राण नाही.

"अहो काका, पडलात तर हाक तरी मारायची!"

"पडलो नाही रे. सावकाश बसलो," ते म्हणाले. "पोरीची परीक्षा आहे ना."

गुडघ्यांमुळे कित्येक महिने जिना न चढलेली आई त्या दिवशी वर आली. पलंगाजवळची फळी पायाने दाखवून मला म्हणाली, "हिचे स्क्रू काढ." मग काकांकडे वळली. "भाऊ, काहीच ऐकू नाही आलं, तर तुम्ही आहात का नाही, हे आम्हाला कळायचं कसं?"

मी स्क्रू काढले. तेवढं एक काम मला पहिल्या फटक्यात जमलं.

बरे झाल्यावर काका रोज त्या फळीवर मुद्दाम पाय दाबू लागले. जन्मभर चोरपावलांनी वावरलेला माणूस, पण सकाळचं ते कर्रर्र मात्र अगदी ऐटीत यायचं.

दोनेक वर्षं हे चाललं. मग एका सकाळी फळी बोलली नाही. आईने झाडूला हात लावला नाही. "वर जा," एवढंच म्हणाली. काका झोपेतच गेले होते. खाली कोणालाही ऐकू न जाता.

आता चाळ पाडणार आहेत. आम्ही डोंबिवलीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये चाललोय. वर जाड स्लॅब आहे, कसलाच आवाज येत नाही, असं एजंटने कौतुकाने सांगितलं.

परवा काकांच्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटत होती, म्हणून मी वर गेलो. पलंग त्यांच्या पुतण्याने केव्हाच नेलाय. खिडकी लावली, वळलो, आणि पाय नेमका त्या फळीवर पडला.

कर्रर्र.

मी तसाच उभा राहिलो. जरा वेळाने खालून छताला दांड्याचे दोन ठोके पडले.

खाली आलो तेव्हा आई झाडू कोपऱ्यात ठेवत होती. गॅसवर आधण होतं, ओट्यावर एक कप जास्त होता.

"मीच होतो गं," मी म्हटलं.

"माहितीये मला," ती चहा गाळत म्हणाली. "पण ऐकू आलं ना."