रात्रीपुरता भवी

लोहाऱ्याच्या बाजारपेठेत राजशेखर भांड्यांवर नावे घालत असे. गाव त्याला ‘फिटवाला’ म्हणून ओळखी. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. “लोकांना नावं ठिवायची सवय, मला नावं घालायची,” एवढे बोलून तो मशीनची सुई पुन्हा स्टीलवर टेकवी. अकराव्या वर्षापासून त्याला अपस्माराचे झटके येत. गोळ्या कधी चुकल्या नाहीत. तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादा झटका झोपेत येऊन जाई.

अशाच एका झटक्यात गळ्यातला शिवदोरा पिळला जाऊन मानेवर वळ उठला होता. तेव्हापासून इरम्मा, त्याची विधवा आई, रोज निजताना दोऱ्यासकट चांदीच्या डबीतले इष्टलिंग उतरवून उशाच्या कोनाड्यात ठेवी. लिंगायताच्या घरात लिंग देहावेगळे करणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्याच्या अंगावर ते नाही तो भवी, परका. राजशेखरला त्यातही थट्टा सुचे.

“अव्वा, म्या रातीपुरता भवी झालो बघ. सकाळी पुन्हा जातीत घे.”

“गप नीज, मेल्या. फास बसला म्हंजी जात काय चाटायचीय?”

श्रावणातल्या एका सकाळी त्याने हाकेला ओ दिली नाही. तो पालथा होता, तोंड उशीत, अंग गार. चादर विस्कटलेलीसुद्धा नव्हती. शेजाऱ्यांना हाक मारण्याआधी इरम्माने एकच गोष्ट केली. कोनाड्यातले लिंग काढून त्याच्या गळ्यात बांधले.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितले, “मावशी, अपस्मार असणाऱ्यांत क्वचित असं होतं. बहुधा झोपेत झटका येतो अन् श्वास, हृदय थांबतं. नेमकं कारण दरवेळी सापडत नाही. तुमची चूक नाही.”

“झोपंत मानूस जातंय, हे आदी कुणी सांगितलं न्हाय.”

डॉक्टर म्हणाले, “सांगायला हवं होतं.”

तिचा खरा प्रश्न मात्र निराळा होता, आणि तो दवाखान्यात विचारण्याजोगा नव्हता. आपण लिंग उतरवले, म्हणून तर तो गेला नाही?

दुपारी समाधी देण्यासाठी देह बसवल्यावर, लिंग तळहाती देण्यासाठी विधीला आलेल्या जंगमस्वामींनी गळ्यामागची गाठ सोडायला घेतली. राजशेखर सुरगाठ मारी, एका ओढीत सुटणारी. ही गाठ तीनदा आवळलेली होती. स्वामींची बोटे थबकली. त्यांनी इरम्माकडे पाहिले.

“म्याच बांदली, स्वामी. जाताना त्याच्या गळ्यात नव्हतं. ल्योक भवी गेला.”

जमलेल्यांत कुजबुज उठली. स्वामींनी नखांनी सावकाश गाठ सोडवली आणि मग विचारले, “इरम्मा, लेकरू तान्हं असताना त्याचं लिंग कोण सांभाळतं?”

“आई. आपल्या गळ्यात.”

“मग? तुम्ही रात्रीपुरतं तेच केलंत. तो लिंगावाचून गेला नाही.”

तिने मान हलवली. लोकांना वाटले, समजूत पटली.

“गळ्यात घातलं असतं तर सांभाळलं म्हनता आलं असतं,” ती म्हणाली. “म्या कोनाड्यात ठिवलं.”

स्वामींनी लिंग राजशेखरच्या डाव्या तळहातावर ठेवले. बोटे ताठली होती, मिटेनात. इरम्मा पुढे सरकली आणि नखांच्या कडांत स्टीलची करडी भुकटी बसलेली ती बोटे एकेक करून मिटवत राहिली.