तू हो पुढे

आमच्या सिडनीतल्या, केलीव्हिलच्या घरातल्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती, जाड आणि भडक. लेक पहिल्यांदा बघून म्हणाली, "मम, इट लुक्स लाइक अ ट्रेन स्टेशन." पाहुणे नुसते बघतात. ती पट्टी माझ्या नवऱ्यासाठी आहे. त्याला काचबिंदू आहे. कडेकडेचं दिसणं हळूहळू जातंय, आणि गेलं ते परत येत नाही. हे त्याला कळलं त्यानंतर चार महिन्यांनी मला कळलं, तेही माल्टाला, सुट्टीच्या पहिल्याच दिवशी, भर रस्त्यात. त्या दिवसाबद्दल मी कुणाला नीटसं सांगितलेलं नाही, कारण त्यात मी काही फार शहाण्यासारखी वागलेले नाही.

मी भराभर चालते. आईच्या भाषेत सांगायचं तर पायाला भिंगरी. आणि हा कायम मागे. गॅस बंद केला का, नळ नीट फिरवला का, कुलूप ओढून बघितलं का, हे सगळं दोनदा झाल्याशिवाय याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. "तू हो पुढे, मी आलोच," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. सिडनीलासुद्धा मीच आधी आले. व्हिसा माझ्या नोकरीवर मिळाला होता, आणि हा मुंबईची आवराआवर करून पाच महिन्यांनी आला. एअरपोर्टवर निरोप देतानाही हेच म्हणाला होता. म्हणून माल्टात तो मागे मागे राहायला लागला, यात मला काही वेगळं वाटलंच नाही.

माल्टा त्यानेच ठरवलं होतं. मी म्हटलं होतं, न्यूझीलंडला जाऊ, तीन तासांत पोचतो, एवढ्या लांब मरायला कशाला जायचं? तर म्हणाला, "बघून घेऊ या गं एकदा." साठी जवळ आली की माणसं असं बोलतात, असं मला वाटलं. आता आठवलं की स्वतःच्याच डोक्यात दोन टपल्या माराव्याशा वाटतात. तो ड्रॉप्स घालत होता, मला म्हणाला स्क्रीनमुळे डोळे कोरडे पडतात. संध्याकाळी गाडीची किल्ली माझ्या हातात द्यायला लागला, तर मी मैत्रिणींना सांगितलं, शेवटी एकदाचा आळशी झाला.

त्या दिवशी सकाळी हॉटेलात मी राखाडी टॉप काढला, तर हा म्हणतो, "तो केशरी कुर्ता घाल ना."

तीस वर्षांत या माणसाने माझ्या कपड्यांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. नवी साडी नेसून समोर उभी राहिले तरी "निघायचं ना?" असं विचारणारा हा.

"काय रे, आज काय विशेष?"

"छान दिसतो तुला."

मी खूश झाले. कबूल करते, जराशी लाजलेसुद्धा. कुर्ता घातला, वर लिपस्टिक लावली.

बसमध्ये ड्रायव्हरने विचारलं, कुठून आलात? सिडनी म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "पेंडल हिल?" म्हणाला. सिडनीच्या या उपनगरात माल्टाची बरीच माणसं आहेत, त्याचा मामाही तिथे चाळीस वर्षं राहिला होता म्हणे. मला हसूच फुटलं. अरे देवा, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला यायचं आणि तिथेही पेंडल हिल! आमची पहिली चार वर्षं तिथेच एका फ्लॅटमध्ये गेली. मी ड्रायव्हरशी अशा गप्पा मारल्या, जसा काही तो माझाच मामा. हा शेजारी उभा राहून दांडा घट्ट धरून होता. एरवी त्यानेच आधी बोलायला सुरुवात केली असती.

वॅलेटा नावाचं तिथलं जुनं शहर सगळं एकाच दगडाचं. घरं, भिंती, रस्ते, पायऱ्या, सगळं फिक्या पिवळ्या रंगाचं, बेसन भाजायला घेतल्यावर सुरुवातीला असतं तसं. त्यावर ऊन असं की माझेच डोळे दिपत होते. आधी एका चर्चमध्ये शिरलो. मी तरातरा आत जाऊन छत बघून, मेणबत्त्या बघून परत आले, तरी हा दाराशीच उभा.

"काय, आत यायला अक्षता द्यायला हव्यात का?"

"अंधार आहे गं. तू हो पुढे."

पुढे काय होणार, मी तर बघून परत आले होते. माझी भुणभुण सुरू झाली. एवढे हजारो मैल येऊन दारात उभं राहायचं असेल तर केलीव्हिलचं दार काय वाईट होतं, वगैरे. तो ऐकून घेत राहिला. तो ऐकून घेतो, म्हणून माझं तोंड जास्त चालतं, हेही खरंच.

मग एका टपरीवजा दुकानात पास्तीत्सी घेतल्या. पदर सुटलेल्या करंजीसारखं दिसतं, आत वाटाण्याचं सारण. पेंडल हिलला नवे असताना शाकाहारी म्हणून आम्हाला हाच आधार होता. तिथल्या आठवणी निघाल्या, तो हसला, आणि माझा राग पळाला. बारा वाजता वरच्या किल्ल्यावरून तोफ उडते, ती खालून, बंदरावरून बघायची असं मी ठरवून आले होते. पावणेबारा वाजले होते.

बंदराकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसत्या पायऱ्या. रुंद, बुटक्या, झिजलेल्या, आणि सगळ्या एकाच रंगाच्या. मी तुरुतुरु उतरले. खाली पोचून वळून बघते तर हा अर्ध्यावर. एक हात भिंतीला. एक पाय पुढे सरकवायचा, कडा चाचपायची, मग तो खाली टेकवायचा. मग दुसरा. भाजीची पिशवी घेतलेली एक आजी त्याच्या बाजूने झपझप उतरून गेली.

मी बघितलं हे सगळं. डोळ्यांनी बघितलं, आणि तरी मला काही कळलं नाही. मी खालून मराठीत ओरडले, "अरे, नवी नवरी आहेस का? पटपट ये, तोफ उडून जाईल!"

त्याने भिंतीवरचा हात सोडला. माझ्यासाठी घाई केली. शेवटच्या दोन पायऱ्या त्याला दिसल्याच नाहीत. तिथे सपाट आहे असं समजून त्याने पाय टाकला आणि गुडघ्यांवर कोसळला.

मी धावले. तळहात सोलवटलेले, पँट गुडघ्यावर फाटलेली. नशीब, हाड शाबूत होतं. मी त्याला पायरीवर बसवलं आणि भीतीने आणखी ओरडले, "एवढी मोठी पायरी दिसत नाही तुला?"

"नाही," तो म्हणाला.

वर तोफ उडाली. आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. काचबिंदू, ड्रॉप्स, चार महिने. ड्रॉप्सनी वेग कमी होईल, थांबेलच असं डॉक्टर सांगत नाहीत. समोरचं अजून चांगलं दिसतं. बाजूचं गेलंय, आणि एका रंगाच्या पायऱ्या त्याला उतरणीसारख्या सपाट दिसतात. मी पाण्याच्या बाटलीने त्याचे हात धूत होते.

"आणि कुर्ता?" मी विचारलं.

"केशरी लगेच सापडतो. तू चालता चालता जिथे एकदम खाली जातेस, तिथे पायरी आहे हे कळतं." मग म्हणाला, "छान दिसतो हेही खोटं नाही."

"मला सांगितलं का नाहीस? सकाळपासून तुला टोचून टोचून बोलतेय मी. गाढवा, सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू हळू चालली असतीस."

"मग चालले असते! काय बिघडलं असतं?"

"मला तुला अशी तरातरा पुढे जाताना बघायचं होतं," तो म्हणाला. "दिसतंय तोवर."

आम्ही तिथेच बसून उरलेली एक पास्तीत्सी अर्धी अर्धी खाल्ली.

मग तो उठला, पँट झटकली. मी हात पुढे केला. त्याने तो धरला, दाबला आणि सोडून दिला. समोर बंदराच्या कडेने सपाट रस्ता होता.

"हं," तो म्हणाला. "तू हो पुढे."

मी निघाले. रोजच्यासारखी, भराभर. डोळे वाहत होते, पण पुसले नाहीत. हात वर गेला असता तर त्याला मागून कळलं असतं. त्याच्या सँडलचा आवाज येत होता. रस्ता संपला आणि पुन्हा पायऱ्या आल्या. मी थांबले आणि मागे न वळता मोठ्याने म्हणाले,

"पायरी."