दातांच्या शिबिरातली टॉर्चवाली

आमच्या शेजारची मानसी दातांची डॉक्टर. रविवारी वस्त्यांमध्ये दात तपासायची शिबिरं घेते. डोंबिवलीतल्या निम्म्या बायका मला ओळखतात, म्हणून मी सोबत, टॉर्च धरायला! किस्से इतके साठलेत, की भाजी निवडताना एखादा आठवतो आणि मेथी तशीच राहते. पण खरं सांगू? हसू कमी येतं, लाजच जास्त वाटते.

*

ठाकुर्लीच्या एका चाळीत मानसीने फुकट ब्रश वाटले. महिन्याने विचारलं, "वापरताय ना?"

"रोज!" एक काकू म्हणाल्या. "केसांना डाय लावायला एकदम बेस्ट!"

मी खो खो हसले. मानसीने हळूच मला विचारलं, "काकू, तुमचा ब्रश कुठाय?"

माझा देवघरात. चिंच लावून देव घासायला!

*

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तंबाखूवर भाषण झालं. मागे एक गृहस्थ प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, तोंडातून शब्द नाही.

"अहो, गाल केवढा सुजलाय! दाखवा बघू," मानसी म्हणाली.

ते धावत बाहेर गेले. परत आले तो सूज गायब!

सगळे हसले. मी टॉर्चची बटणं बघत बसले. ते गृहस्थ म्हणजे आमचे हे.

*

मानपाड्याला एक आजोबा नवी कवळी खिशात घालून आले. "जेवताना काढून ठेवतो. झिजेल ना!"

या वेळी मी हसले नाही. माझे पुढचे दात खोटे आहेत, हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्यानंतर तिथल्याच जुन्या गावातल्या पार्वतीआत्या. तिखट खाल्लं की तोंडाची आग होते म्हणाल्या. मी टॉर्च मारला, मानसीच्या खांद्यावरून डोकावले, तंबाखूने काळे पडलेले दात दिसले आणि ओरडले, "अगंबाई, मशेरी!"

अख्खी रांग वळून बघायला लागली. आत्यांनी तोंडावर पदर घेतला आणि तरातरा निघून गेल्या.

"काकू, आत पांढरा चट्टा होता," मानसी म्हणाली. "तो लवकर तपासायलाच हवा. आता त्या येतील का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

पुढच्या रविवारी आम्ही दोघी आत्यांच्या दारात. ओटीवर बायका सुकट निवडत बसलेल्या.

"आत्या, चुकलं माझं. एकदा दाखवा हो तिला."

"माजा तोंड सगल्या गावाला दाखवलास," आत्या म्हणाल्या. "आदी तुजा दाखव!"

मी तोंडात बोट घातलं, दात काढले आणि तळहातावर ठेवले.

बायकांनी माना उंचावल्या.

आत्यांनी वाकून नीट पाहिलं. मग गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "अगंबाई, कवली!"

बायका सुकट टाकून हसायला लागल्या. माझे कान तापले. आत्या मानसीसमोर पाटावर बसल्या, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि माझ्याकडे वळल्या.

"टॉर्च तूच धर. पन आता तोंड बंद ठेव!"