विंडोज मारून घ्या, सर

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेत कॉम्प्युटरला काहीही झालं तरी औषध एकच: विंडोज मारणे, म्हणजे जुनी पुसून नव्यानं भरणे. आवाज येत नाही? विंडोज मारा. प्रिंटर कागद ओढत नाही? विंडोज मारा. एकदा आमच्या माउसची वायर उंदरानं कुरतडली होती, तेव्हाही दुकानदार आधी तेच म्हणाला. टायरमध्ये हवा मारावी, भिंतीला रंग मारावा, तसे हे लोक विंडोज मारतात. आजार काय आहे हे बघायची कुणाला फुरसत नाही आणि ते कळण्याइतकं डोकं नाही, असं माझं स्पष्ट मत होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतोय. मूर्ख माणूस मला लांबून ओळखू येतो, असाही माझा समज होता.

गेल्या उन्हाळ्यात घरच्या कॉम्प्युटरमध्ये मी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान अशी नवी डिस्क, बसवली. बायकोसाठी. ती कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत शिक्षिका आहे. दहावीचा निकाल लागला आणि तिच्या वर्गातली चार मुलं विज्ञानात राहिली. जूनअखेर पुरवणी परीक्षा. शाळेला सुट्ट्या, मुलं आपापल्या गावी पांगलेली. मग हिनं ठरवलं, एकेक धडा खुणांच्या भाषेत शिकवायचा, त्याचा व्हिडिओ करायचा आणि मुलांच्या फोनवर पाठवायचा. तिच्या फोनमध्ये एवढे व्हिडिओ मावेनात, म्हणून कॅमेरा कॉम्प्युटरलाच जोडलेला, मागे निळी चादर, आणि समोर ही उभी राहून हातांनी शिकवतेय. पुस्तक वाचून ती मुलं पास झाली असती तर आधीच झाली असती. त्यांना हे व्हिडिओ मिळाले तर मिळाले, नाहीतर वर्ष गेलं.

एसएसडी मी विकत आणली, पण बसवायला दुकानदाराला दिली नाही. तो वायर दातानं सोलतो. मी स्वतः कॉम्प्युटरचा डबा उघडला, ती बोटभर पट्टी खाचेत बसवली, वर तिच्यासोबत आलेली ॲल्युमिनियमची जाळीदार पट्टी स्क्रूनं आवळली आणि झाकण लावलं. मशीन लगेच सुरू झालं. मी बायकोला म्हणालो, याला म्हणतात काम.

चौथ्या दिवसापासून ते काम रांगायला लागलं. फाइल कॉपी करायला घेतली की पहिलं मिनिट जोरात, मग असं मंदावायचं की जुनी हार्ड डिस्क बरी होती. आणि रेकॉर्डिंग तुटायचं. आपण बोलतो त्या व्हिडिओत चित्र अडकलं तर आवाजावरून भागतं. इथे आवाजच नाही. हात कुठून निघाला, कुठे वळला आणि कुठे थांबला, यावर शब्द ठरतो. मधलं चार क्षणांचं चित्र गळलं की शब्दच गळला. बायको तोच धडा तीन-तीनदा उभं राहून शिकवायची आणि शेवटी खुर्चीत बसून नुसती बोटं चोळत राहायची.

सल्ले यायला वेळ लागला नाही. शेजारचे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका, ज्यांना स्वतःचा फोन सायलेंटवरून काढता येत नाही, ते म्हणाले, "माह्या जावयाले विचारतो, तो पुण्यात कॉम्प्युटरमध्येच आहे." जावयाचा निरोप आला: रॅम वाढवा. पुण्यात बसलेल्या माणसाला वर्ध्याचा कॉम्प्युटर न बघता कळतो, ही नोकरी मलाही हवी आहे.

शेवटी दुकानात गेलो. दुकानदारानं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाला, "विंडोज मारून घ्या सर, मख्खन चालते."

मी म्हटलं, नवीन विंडोज आहे.

"मंग गरम तं नाई होऊन राह्यली? ऊन पाहा ना कसं आहे."

"उन्हात वाळत नाही घातली ती," मी म्हणालो. "घरात आहे. कूलरसमोर."

तो हसला. मीही हसलो, पण माझं हसू वेगळ्या जातीचं होतं.

मग मी शास्त्रीय पद्धतीनं सुरुवात केली. वही घेतली, वेग मोजले, रकाने आखले. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. अर्धी डिस्क रिकामी करून पाहिली. एसएसडीच्या कंपनीचं नवं सॉफ्टवेअर चढवलं. दोन आठवडे मी त्या वहीत आकडे भरत होतो आणि दर दुपारी आकडे मला तोंडघशी पाडत होते. आणि एका रविवारी, बायको माहेरी सेलूला गेलेली असताना, मी दार लावून विंडोज मारली. हो, मारली. कुणाला सांगितलं नाही. आल्यावर तिच्या लक्षात आलं, कारण तिची रेकॉर्डिंगची सगळी मांडणी गेली होती. ती पुन्हा बसवण्यात तिचे चार दिवस गेले. मशीन होतं तसंच.

या सगळ्या काळात ती मला एकच गोष्ट सांगत होती. "अहो, सकायी बरा चालते, दुपारी बसते. एकदा हात लावून पाहा ना, किती तापून राह्यला हा डबा."

सेलूच्या भाजीवाल्या शेतकऱ्याची मुलगी आहे ती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांत वाढलेली. भाजी सुकली की आधी हात लावून पाहायची तिची सवय. मी तिला म्हणालो, "उष्णता काय असते ते मला शिकवू नकोस."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितो आहे. त्याला मऊ करायचा हक्क मला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन घरी आलो तर डब्याचं एका बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, समोर स्टुलावर टेबल फॅन, आणि भर दुपारी रेकॉर्डिंग न तुटता चाललेलं. "चालून राह्यला," ती कॅमेऱ्यावरची नजर न हलवता म्हणाली.

आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी संध्याकाळी पंखा बंद केला आणि एसएसडीचं तापमान दाखवणारा एक प्रोग्राम सुरू केला. फाइल कॉपी करायला लावली आणि समोर बसलो. साठ, सत्तर, ऐंशी. चौऱ्याऐंशीवर गेल्याबरोबर वेग धाडकन पडला. जळू नये म्हणून ती बिचारी स्वतःच दम घेत होती. मग मी स्क्रू सैल केले आणि ॲल्युमिनियमची पट्टी उचलली.

तिच्या खाली एक मऊ, राखाडी रबरासारखी चिकटपट्टी असते. एसएसडीची उष्णता ती शोषून वरच्या ॲल्युमिनियमला देते. त्या चिकटपट्टीवर प्लास्टिकची पन्नी होती. पातळ, निळसर, कोपऱ्यात इंग्रजीत 'काढा' असं लिहिलेली पन्नी. बसवताना मी ती पाहिली होती. पाहून राहू दिली होती.

हे आमच्याकडच्या माणसालाच समजेल. नव्या वस्तूची पन्नी आम्ही काढत नाही. टीव्हीच्या रिमोटवर पन्नी असते, फ्रिजच्या हँडलवर असते, स्कूटरच्या सीटवर तर ती उन्हानं पिवळी पडून आपोआप फाटेपर्यंत असते. वस्तू नवी राहिली पाहिजे. ज्याच्या घरी पन्नी लगेच निघते तो उधळ्या. पंचवीस वर्षं फळ्यावर उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक अशा दोन याद्या लिहिणाऱ्या माणसानं सुवाहकाच्या आड स्वतःच्या हातानं प्लास्टिक ठेवलं, तेही काटकसर म्हणून. खर्रा खाणारा, दातानं वायर सोलणारा तो माणूस न बघता बरोबर बोलला होता. बायको हात लावून बरोबर बोलली होती. सगळ्या मोहल्ल्यात गाढव एकच निघालं आणि त्याच्या हातात वही होती.

पन्नी सोलली. पट्टी परत आवळली. दुसऱ्या दिवशी, पाऊस लांबल्यामुळे पारा अजून पंचेचाळीसवर असताना, मशीन दिवसभर न अडखळता चाललं. बायकोला मी काय झालं ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि निळी चादर सरळ करायला लागली. परीक्षेला तेव्हा पाच दिवस उरले होते. तिनं सकाळ-दुपार उभं राहून जमले तेवढे धडे केले. भिंगांचा धडा राहिला.

निकालात तिघं पास झाली. चौथी राहिली. कारंज्याकडची मुलगी, तिच्या बापाचा हायवेवर ढाबा आहे. तिला बाकी सगळं जमलं होतं. भिंगांचे प्रश्न तिनं कोरे सोडले होते.

त्या संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे चुलीचा धूर, ट्रक उभे, आणि ती पोरगी भराभर हात हलवतेय. रडत नव्हती. बायको उत्तर देत होती. मी खोलीच्या दारात उभा होतो. पोरीनं मला पाहिलं, माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं. बायकोचे हात थांबले.

"काय म्हणते?"

"विचारून राह्यली, कॉम्प्युटर बरा झाला का सरांचा," ती म्हणाली. "मी सांगतलं होतं तिले, मशीन बिमार आहे म्हणून धडा नाई आला."

"मशीन?"

"मंग काय सांगू?"

मी येऊन तिच्याशेजारी बसलो. म्हणालो, खरं सांग तिला. चूक माझी होती म्हणून सांग.

"तुम्ही सांगा," बायको म्हणाली आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला सरकली.

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती रोज ज्या भाषेत पोट भरते त्या भाषेतला एक शब्दही मला येत नाही. त्या हातवाऱ्यांना मी घरात 'तुझी नाटकं' म्हणत आलो. मी दोन्ही हात वर केले. पुढे त्यांचं काय करायचं ते कळेना. पोरगी फोन जवळ धरून माझ्या हातांकडे बघत होती.