अर्धा सेट

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती तेव्हाची गोष्ट, पण आठवली की अजून माझं डोकं तापतं. नगरच्या मिशन कंपाउंडात टेनिसचं एकच कोर्ट होतं, शेणानं सारवलेलं, वर चुन्याच्या रेघा. बाबा मिशनच्या शाळेत शिक्षक, म्हणून मला आणि धाकट्या बहिणीला तिथं खेळता येई. आधी मोठी माणसं खेळत, मग आम्ही. संध्याकाळी उपासनेची घंटा झाली की खेळ थांबवून जाळं सोडायचं, असा शिरस्ता.

शिरस्त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण मोठ्यांचा सेट कधी अर्धा राहिला नाही! आम्ही रॅकेटी घेऊन कडेला ताटकळत उभ्या, आणि बाबांच्या शाळेचे हेडमास्तर, तेच कोर्टाचे सेक्रेटरी, घाम पुसत म्हणत, "एकच गेम राहिलाय, पोरींनो." तो एक गेम आमचा निम्मा वेळ खाई. मग आमचा सराव सामना सुरू व्हायचा, सेट जिंकायला सहा गेम लागतात, आणि जेमतेम तीन-तीन होतंय तोच घंटा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! रोज शून्यापासून सुरुवात, रोज मध्येच बंद. वर्षभर खेळूनही मी एक सेट पुरा केला नव्हता.

त्या वर्षी पुण्याच्या ज्युनियर स्पर्धेत खेळायची माझी शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, वेळ एवढाच मिळतो, तर आम्ही पाच-चार झालेत असं धरूनच सुरू करतो. शेवटाचा तरी सराव होईल."

ते हसले. "खेळ पहिल्यापासून खेळायचा असतो. ही कसली पळवाट?"

पळवाट म्हणे! बाबांची नोकरी त्यांच्या हाताखाली, म्हणून मी पुन्हा शून्यापासूनच सुरुवात केली.

पुण्यात एकाच सेटचा सामना होता. मी पाच-दोननं पुढे गेले, आणि आता पुढं काय करायचं ते मला ठाऊकच नव्हतं. समोरची मुलगी चवताळून खेळायला लागली, आणि माझे हात घंटेची वाट पाहत होते. तिथं कुठली घंटा? उरलेले सगळे गेम तिनं घेतले.

परतल्यावर हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा सराव कमी पडला." चोराच्या उलट्या बोंबा! घरी येऊन मी रागानं रडले. आई आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरकडची, भाकरी थापता थापता ती कडाडली, "रडतीस कशापायी? तुजं वय गेलं, धाकटीचं हाय की अजून. तिला तरी पुरं खेळू दे."

दुसऱ्या दिवशी आमची पाळी आली तेव्हा मी बहिणीला पलीकडे उभं केलं आणि कोर्टभर ऐकू जाईल असं म्हटलं, "पाच-चार. तू पुढे. सर्व्हिस तुझी." ती घाबरली, चुकली, सावरली. गेम बरोबरीत अडकला आणि घंटा झाली.

"थांबा! जाळं सोडा!" हेडमास्तर कडेवरून ओरडले.

"एकच गेम राहिलाय, सर," मी म्हणाले.

ते तरातरा आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं जाळं सोडलं. ते मातीत पडलं. बहीण चेंडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"कर सर्व्हिस," मी म्हटलं, आणि आम्ही तो गेम संपवला.