सुरैयाखालाची गोड विहीर

आखातातल्या समुद्रकाठच्या सहम गावी आम्ही सुरैयाखालाच्या आवारातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. खाला काळी, धिप्पाड, विधवा. तिचे आजोबा झांजिबारहून गलबतातून आलेले. त्यांनी आधी ही विहीर खणली, मग घर बांधलं. पाहुण्याला पहिल्यांदा विहिरीचं पाणी, मग कावा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, असा खालाचा नेम. कुणी बाटलीतलं पाणी मागितलं तर भडकायची.

एका वादळानंतर समुद्राने आवारातल्या खजुरांची पुढची ओळ मुळांसकट नेली. खालाने तिकडे बघणंच सोडलं. तिचा भाचा जमाल मासेमारी करायचा. डोंगराकडे घर बांधून तो तिला बोलवत होता. ती एकच सांगायची, "कुआँ मीठा है, तब तक मैं इधर."

२०१४च्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. माझे यजमान एकनाथ पंपदुरुस्तीच्या दुकानात कामाला. म्हणाले, "आमच्या संगमेश्वराकडे विहीर आटली की आणखी खोल खणतात. पाणी लागतंच."

"नीचे दरिया है," जमाल म्हणाला.

"अहो, तो इथला आहे, त्याचं ऐका," मी म्हटलं. पण हे ऐकतील तर शपथ! खालाला तर हवं तेच ऐकायला मिळालं होतं. "यल्ला, चलो एकनाथ!"

खणलं. पाणी भसाभस आलं, तेही गोड. खालाने हलवा वाटला. पंप दिवसभर चालायचा. मला मात्र त्या विहिरीत वाकून बघायची भीती वाटायची.

महिन्याभरात चहा फाटायला लागला. दूधच खराब, असं ह्यांचं म्हणणं. मग डाळ शिजेना, लिंबाची पानं कडेने करपली. खाला तेच पाणी पिऊन "मीठा है" म्हणायची आणि तोंड वाकडं करायची. मला तिची दया यायची, नवऱ्याचा संताप.

शेवटी ह्यांनी पंप बंद केला. विहिरीला विश्रांती दिली की पाणी सुधारेल म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी वीतभर चढलं. हे हरखले. "खाला, झरा ज़िंदा है!"

संध्याकाळी ते उतरलं. जमाल नुकताच किनाऱ्यावरून आला होता. दगडावरची ओली खूण बघून तो हळूच म्हणाला, "दोपहर को दरिया चढ़ा था. अभी उतरा है. इधर भी, उधर भी."

खाला विहिरीच्या कठड्यावर बसली. मग म्हणाली, "जमाल, गाड़ी ला."

हे मान खाली घालून उभे होते. ती गाडीत बसल्यावर मी विचारलं, "खाला, घर को ताला लगाऊँ?"

"किसके लिए?" ती म्हणाली.