अंगणात उभी असलेली जीप

त्या दिवसांत मी देवापुढे हात जोडणं सोडून दिलं होतं. बायकोचा पोटातला आजार पसरला होता. आता घरीच सुखात ठेवा, असं रायपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी ती दिवसभर खाटेवर पडून असे. एका सकाळी म्हणाली, "मले एकदा डोंगरावरच्या देवीले घेऊन चला." तिचे वडील वनखात्यात होते, तिचं लहानपण त्या देवीच्या पायथ्याशी गेलेलं. मी चिडून म्हणालो, "देवीनं काय दिलं तुले?" तरी दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझ्या जुन्या जीपमध्ये मागे गादी अंथरली.

डांबरी रस्ता संपून जंगलातली चढण लागली. नाल्यातून वर येताना मागून कडाड आवाज झाला. इंजिन चालू, गियर पडतो, पण जीप जागची हलेना. रेल्वेच्या कारखान्यात मी जन्मभर फिटर होतो. मागची चाकं फिरवणारा एक्सेल शाफ्ट तुटल्याचं खाली न वाकताच कळलं. पुढच्या चाकांना जोर देणारी जोडणी तर कधीचीच निकामी झालेली. फोन लागत नव्हता. ही ओठ चावून दुखणं सोसत होती. तेव्हा मी मनातल्या मनात देवीला शिव्या घातल्या, हे आज कबूल करतो.

थोड्या वेळानं सायकलवरून एक म्हातारा आला. त्यानं आधी हिच्याकडे पाहिलं. "बहिनी ला छाँव मा बइठावव," म्हणत तिला मोहाच्या सावलीत न्यायला हात दिला. मग माझं ऐकून घेतलं आणि वाकून जीपखाली पाहिलं. शेवटी म्हणाला, "मोर बेटा के जीप घर मा खड़े हे. अइसनेच हे." म्हणजे त्याच्या मुलाची जीपही अगदी माझ्यासारखीच होती. मग मान खाली घालून, "बेटा नइ हे अब."

त्याचं घर जवळच होतं. त्यानं आपल्या बायकोला हिच्यापाशी पाठवलं आणि मला अंगणात नेलं. ताडपत्रीखाली जीप उभी होती. मुलगा गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. माझ्यानं पाना उचलवेना. "दादा, रहने दीजिए," मी म्हणालो. त्यानं पाना घेतला आणि पहिला नट स्वतः सैल केला. दुसऱ्या नटापाशी थांबला आणि पाना माझ्याकडे दिला. शाफ्ट बाहेर आला तसा त्यानं तो आपल्या गमछ्यानं पुसला, हळूहळू, तेलाचा डाग जाईपर्यंत, आणि त्यानंतरही.

शाफ्ट घेऊन आम्ही माझ्या जीपपाशी परतलो आणि दोघांनी मिळून काम केलं. माझ्या जीपमधला तुटलेला तुकडा आत अडकला होता, तो तारेचा फास करून ओढला. त्याच्या मुलाच्या जीपचा शाफ्ट घातला, तो नेमका बसला. जीप हलली तेव्हा म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

उन्हं कलायच्या आत आम्ही देवीपाशी पोचलो. शेवटच्या पायऱ्या मी तिला उचलून चढलो. तिच्या अंगात काही वजनच उरलं नव्हतं. ती बराच वेळ हात जोडून उभी होती. मी मात्र एकच मागत होतो, हिला राहू दे.

उतरताना विचारलं, "काय मागितलंस?"

"त्या दादाच्या पोट्ट्यासाठी हात जोडले."

"आन स्वतःसाठी?"

"माह्यासाठी काहून मागू? मले तर देवीनं आणून पोचवलं ना."

तीन आठवड्यांनी ती गेली. माझं मागणं देवीनं ऐकलं नाही, आणि त्याचं दुःख अजून आहे. पण जिच्यासोबत मी पस्तीस वर्षं संसार केला, ती किती मोठी होती, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं. कळायला इतका उशीर लागला, तरी ते कळू दिलं, याबद्दल मी देवीचा ऋणी आहे. हल्ली मी पुन्हा देवापुढे बसतो. आधी त्या न पाहिलेल्या मुलासाठी हात जोडतो. मग स्वतःसाठी मागायचं काही सुचत नाही, आणि मी तसाच बसून राहतो.